संग्रहालयाच्या फोटोंसाठी सॉफ्टवेअर निवडायचं म्हणजे नेमकं काय शोधायचं?

दोन वर्षांपूर्वी फील्डवर्कसाठी मी एका न्यासाच्या छोट्या संग्रहालयात जायला लागले. तिसऱ्याच दिवशी न्यासाच्या सचिवांनी विचारलं, "तुम्ही डिजिटल संग्रहांवरच पीएचडी करताय ना? मग आमचे फोटो ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं तेवढं सांगून टाका." मला वाटलं, आठवड्याभरात चार पानांचा तुलना-तक्ता करून देऊ. प्रत्यक्षात सात महिने लागले, आणि त्यातले पहिले दोन मी चुकीचाच प्रश्न सोडवत होते.

हा किस्सा इथे सांगतेय कारण 'कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?' हा प्रश्न आणि आपल्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातला प्रश्न, या दोघांचं दुखणं एकच असतं. कशासाठी चांगलं, कोणासाठी चांगलं, हे त्यात नसतंच.

परिस्थिती अशी होती. तीन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, ऑफिसमधला एक पीसी, सीडींचा एक डबा. साधारण ११,००० फाइली. फोल्डरची नावं 'नवीन फोटो', 'नवीन फोटो फायनल', 'दिवे सरांनी मागितलेले'. एका लामणदिव्याच्या फोटोच्या नावात जो अॅक्सेशन नंबर होता, तो रजिस्टरमध्ये भलत्याच दिव्याचा निघाला. हे मला नाही, तिथल्या भांडाराचं काम तीस वर्षं बघणाऱ्या काकांना कळलं. "ताई, हा तो नव्हे. ह्याच्या साखळीला मोर आहे, रजिस्टरमधल्याला हत्ती." काका आठ महिन्यांनी निवृत्त होणार होते. म्हणजे कोणता फोटो कोणत्या वस्तूचा, हे सांगणारी एकमेव खात्रीची जागा आठ महिन्यांनी घरी जाणार होती. सचिवांच्या प्रश्नात ही गोष्ट कुठेच नव्हती.

वस्तूची नोंद वेगळी, फोटोची नोंद वेगळी

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथे होतो. माझाही झाला. संग्रहालयांसाठी दोन जातीची सॉफ्टवेअर मिळतात. एक कलेक्शन मॅनेजमेंट सिस्टिम: तिचा केंद्रबिंदू वस्तू. वस्तू कुठून आली, कधी आली, कशाची आहे, आत्ता कोणत्या कपाटात आहे, प्रदर्शनासाठी कुठे उसनी दिली आहे. दुसरी डिजिटल अॅसेट मॅनेजमेंट, म्हणजे 'डॅम': तिचा केंद्रबिंदू फाइल. फोटो कोणी काढला, कधी काढला, मूळ फाइल कुठली, छपाईसाठीची कुठली, कोणाला वापरायची परवानगी आहे.

दिवा एकच असतो. पण त्याचा जुना कृष्णधवल निगेटिव्ह असतो, पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचा फोटो असतो, स्वच्छतेच्या आधीचा आणि नंतरचा असतो, कॅटलॉगसाठी काढलेला असतो. उलट एकाच फोटोत कपाटातले सहा दिवे एका ओळीत उभे असतात. म्हणजे नातं एकास-एक नाही, अनेकास-अनेक आहे. एक्सेलमध्ये 'फोटोचं नाव' असा एक रकाना करून हे नातं पकडता येत नाही. तिथेच घरगुती यादी मोडते. मग लोक 'फोटो१, फोटो२, फोटो३' असे रकाने वाढवत जातात, आणि सहा दिव्यांचा फोटो सहा वेळा कॉपी करून ठेवतात. त्या सहांपैकी एकाचं नाव दुरुस्त झालं की बाकीचे पाच खोटं बोलत राहतात.

हे नातं टिकणं किती महत्त्वाचं, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण तमिळनाडूतलं आहे. श्रीपुरंदान इथल्या मंदिरातून चोरीला गेलेली नटराजाची कांस्यमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये विकत घेतली होती. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्याच मूर्तीचा मंदिरात असतानाचा जुना फोटो होता, आणि ती मूर्ती तिथलीच हे दाखवण्यात त्याचा उपयोग झाला. २०१४ मध्ये मूर्ती भारतात परत आली. आता विचार करा, तो फोटो असता पण त्यावर कोणतं गाव, कोणतं मंदिर हे नसतं तर? हजारो नटराजांच्या फोटोंत आणखी एक.

तेव्हा माझा पहिला सुधारलेला प्रश्न असा झाला: फोटो, वस्तू आणि 'हे कोणी सांगितलं' या तिघांमधलं नातं कोणत्या व्यवस्थेत सगळ्यात कमी खर्चात आणि सगळ्यात जास्त काळ टिकेल? लांबलचक आहे, मान्य. पण याची चाचणी घेता येते.

फाइलींचं वजन

साठवणुकीचा हिशोब डेमो बघण्याआधी करा, नंतर नको. तो शाळेतल्या गुणाकाराचाच आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४०००, २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, १६ बिटच्या टिफ फाइलमध्ये प्रत्येक रंगाला दोन बाइट. म्हणजे एक फोटो १४४ एमबी. समजा ४,००० वस्तू आणि प्रत्येकीचे ५ फोटो धरले, तर २०,००० फोटो, २.८८ टीबी. याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीबाहेर (याला ३-२-१ नियम म्हणतात) म्हणजे ८.६४ टीबी. दर महिन्याला साठवणुकीच्या आकारावर पैसे घेणाऱ्या क्लाउड सेवेचा दरपत्रक आता हातात घेऊन बघा, म्हणजे न्यासाच्या बैठकीत कोणता आकडा ऐकून शांतता पसरते ते कळेल.

सगळेच फोटो टिफमध्ये ठेवायचे का? माझं मत: नाही. मुळात जेपीईजीमध्येच काढलेला जुना फोटो टिफ करून काही परत मिळत नाही, नुसती जागा जाते. मूळ फाइल जशी आली तशी 'मास्टर' म्हणून जपायची, तिला हात लावायचा नाही, आणि वेबसाइट, छपाई, व्हॉट्सअॅपवर मागणाऱ्यांसाठी तिच्यापासून प्रती काढायच्या. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं का, आणि मास्टर फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमधला एक बिट बदलला तरी बदलणारा ठसा, वेळोवेळी तपासतं का, एवढं विचारायचं.

रंगाचा मुद्दा इथेच उरकते. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमला एकदा लक्षात आलं की व्हर्मीरच्या 'दूध ओतणाऱ्या स्त्री'च्या १०,००० हून जास्त प्रती इंटरनेटवर फिरतायत, त्यातल्या बऱ्याच पिवळट. लोकांना तो पिवळा रंगच इतका खरा वाटायला लागला की दुकानातल्या पोस्टकार्डावरचा खरा रंग त्यांना पटेना. त्यावर त्यांनी स्वतःच चांगली प्रत माहितीसकट खुली केली. आपल्याकडे पितळेच्या वस्तूंचं हेच होतं, ट्यूबलाइटखाली ते हिरवट दिसतं. यावर सॉफ्टवेअर काहीही करू शकत नाही. फोटो काढताना कलर चार्ट आणि मापपट्टी ठेवणं हाच इलाज.

मराठीचा पेपर

बहुतेक डेमो 'व्हाज' किंवा 'पेंटिंग' असं इंग्रजीत शोधून दाखवतात आणि ते झटकन सापडतं. तुम्ही 'सुऱ्या' शोधा. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप झालेला असू शकतो: एक ऱ ला हलंत देऊन, दुसरा साध्या र ला हलंत आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲ' चंही तसंच. हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही कितीतरी मजकुरात अ आणि चंद्र वेगवेगळे टाइप केलेले आहेत. मी स्वतः या लेखात दोन्ही लिहिली असतील तर नवल नाही. चांगलं सॉफ्टवेअर शोधण्याआधी हे फरक सपाट करून घेतं. नसेल करत, तर ते करून देणारा कोणी आहे का, हे विचारा.

मग सामान्यरूप. 'घागर' शोधल्यावर 'घागरीचे झाकण' सापडायला हवं की नको? 'लामणदिवा' आणि 'लामण दिवा'? याला खरा उपाय हुशार सर्च नाही, ठरवलेली शब्दयादी आहे: वस्तुप्रकार हा रकाना मोकळा ठेवायचाच नाही, यादीतून निवडायचा, आणि यादीत प्रत्येक शब्दाला पर्यायी नावं जोडायची. गेटी संस्थेची कला आणि वास्तुकलेची संज्ञासूची जगभर वापरली जाते, तिची रचना शिकण्यासारखी आहे, पण त्यात आपला 'गडवा' आणि 'तपेलं' शोधत बसू नका. ती यादी आपल्यालाच करावी लागते. आम्ही केलेली सुरुवातीची यादी १४० शब्दांची होती आणि तिच्यावर काकांनी माझ्याशी तीन दुपारी वाद घातला.

अजून एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ मध्ये आली, आणि तिची अक्षरं साठवायला प्रत्येकी ४ बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जुन्या पद्धतीचं 'यूटीएफ-८' निवडलेलं असेल तर त्यात ३ बाइटपर्यंतचीच अक्षरं मावतात. देवनागरी नीट चालते, म्हणून कोणाला संशय येत नाही. मोडीतली ओळ टाकली की एरर येते किंवा मजकूर मध्येच तुटतो. एका विक्रेत्याच्या प्रतिनिधीला मी मोडीतला एक शब्द चिकटवून बघायला सांगितला. "असं कोणी करत नाही मॅडम," म्हणाले. आमच्या संग्रहात दोन पेट्या मोडी कागद आहेत.

जुन्या नोंदी बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतील (आमच्याकडे अर्ध्या होत्या) तर त्यांचं रूपांतर हा वेगळा प्रकल्प समजा. त्याचे दिवस वेगळे मोजा.

पर्याय कोणते होते

पुण्याच्या सी-डॅकने खास संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची प्रणाली तयार केली. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, हैदराबादचं सालारजंग, मुंबईची राष्ट्रीय आधुनिक कला वीथी, पुरातत्त्व खात्याचं गोव्यातलं संग्रहालय, अशा संस्थांचे संग्रह तिच्यातून 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या सरकारी पोर्टलवर आले. भारतीय संग्रहालयांच्या नोंदी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात केली. सरकारी संग्रहालयात काम करणाऱ्यांनी तर ती आधी बघावीच.

मुक्तस्रोतांत तीन नावं पुन्हापुन्हा येतात. रिसोर्सस्पेस हे खरं डॅम आहे, मुळात ऑक्सफॅम या संस्थेसाठी तयार झालेलं. फाइली, परवानग्या, डाउनलोड करताना फोटोतच माहिती लिहून देणं, यात पक्कं. कलेक्टिव्हअॅक्सेस वस्तूपासून सुरू होतं, फोटो तिला जोडले जातात, आणि नोंदीचे रकाने आपल्याला हवे तसे बांधता येतात. ओमेका हे जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या केंद्रातून आलेलं, ऑनलाइन प्रदर्शनं मांडायला सुरेख. पीएचडीच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या फील्डवर्कचे पाचशे फोटो सांभाळायचे असतील तर मी ओमेकाच सुचवेन. भांडाराचं रोजचं काम चालवायला नाही.

'मुक्तस्रोत म्हणजे फुकट' असं सचिवांना वाटत होतं. परवाना फुकट, सर्व्हर, तो अपडेट करणारा माणूस आणि त्या माणसाने नोकरी बदलली तर दुसरा माणूस, हे फुकट नाही.

मग तयार, कंपनीने चालवलेली सेवा घ्यावी का? इथे दोन घटना शेजारी ठेवून बघा. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस गॅलरी सिस्टिम्स या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला, आणि बोस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स, न्यूयॉर्कचं रुबिन म्युझियम अशा संस्थांचे ऑनलाइन संग्रह बंद पडले. स्वतःचा डेटाबेस स्वतः चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला झळ बसली नाही. म्हणजे स्वतः चालवलेलं बरं? पण त्याच्या दोनच महिने आधी ब्रिटिश लायब्ररीवर हल्ला झाला होता, आणि त्यांच्याच अहवालात सावरायला वेळ लागण्याचं एक मोठं कारण म्हणून त्यांच्या स्वतःच्या जुन्या यंत्रणांकडे बोट दाखवलं आहे. तेव्हा 'क्लाउड की आपला सर्व्हर' या वादात मी पडत नाही. उद्या ही व्यवस्था बंद पडली तर आपल्या हातात काय उरतं, एवढंच विचारते.

पिकासा आठवतं? गुगलने २०१६ मध्ये ते बंद केलं. फोटो कुठे गेले नाहीत, पण लोकांनी रविवार घालवून लावलेले अल्बम पिकासाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होते. म्हणून बाहेर पडण्याची चाचणी प्रवेशाआधी घ्या: ५० फोटो आत टाका, माहिती भरा, सगळं एक्स्पोर्ट करा, आणि एक्झिफटूल या मोफत साधनाने फाइल उघडून बघा की शीर्षक, छायाचित्रकार, हक्क आणि वस्तूचा नंबर फोटोच्या आत लिहिला गेलाय का. सोबत सगळ्या नोंदींची सीएसव्ही मिळते का. 'सपोर्टेड' असं माहितीपत्रकात लिहिलेलं पुरेसं नाही.

तक्त्याने मला कसं फसवलं

तुलनेची नेहमीची पद्धत म्हणजे निकष, भार आणि गुण. समजा चार निकष: शोध, एक्स्पोर्ट, वापराची सोय, सार्वजनिक वेबसाइट. भार ३, ३, २, २. पहिल्या सॉफ्टवेअरला गुण ६, ९, ५, ६. दुसऱ्याला ८, ५, ८, ९. बेरीज केली तर पहिल्याचे ६७, दुसऱ्याचे ७३. दुसरं जिंकलं. आता एक्स्पोर्टचा भार ४ करा आणि वेबसाइटचा १. पहिल्याचे ७०, दुसऱ्याचे ६९. निकाल उलटला, आणि आपण सॉफ्टवेअरला हातसुद्धा लावलेला नाही. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण माझ्या तक्त्यात याच्या अगदी जवळचं घडलं.)

माझी चूक म्हणजे मी भार डेमो बघून झाल्यावर ठरवले होते. देखणी वेबसाइट बघून आलेल्या दुपारी वेबसाइट फार महत्त्वाची वाटते! माझ्या गाइडनी एकच विचारलं, "भार आधी कोणी लिहिले होते का?" तक्ता फाडला. दुसऱ्यांदा सचिव, काका आणि मी, तिघांनी डेमोच्या आधी स्वतंत्रपणे भार लिहिले, आणि ज्याच्याशिवाय चालणारच नाही अशा तीन अटी तक्त्याच्या बाहेर काढल्या: युनिकोड, पूर्ण एक्स्पोर्ट, आणि फोटो-वस्तूचं अनेकास-अनेक नातं. यातली एकही नसेल तर बाकी गुण मोजायचेच नाहीत.

मग २०० फोटोंचा मुद्दाम वाईट संच केला. देवनागरी नावाच्या फाइली, एकच नाव असलेल्या दोन वेगळ्या फाइली, सहा दिव्यांचा तो फोटो, नंबर नसलेले, नंबर चुकलेले, आणि अर्थातच मोर-हत्तीवाला लामणदिवा. विक्रेत्यांचा नमुना डेटा नेहमी न्हाऊन-माखून आलेला असतो, त्यावर चाचणी घेण्यात अर्थ नाही.

एक नोंद भरायला मला ३ मिनिटं लागली, काकांना ११. मी मनातल्या मनात 'टायपिंगचा वेग' असं लिहून मोकळी झाले होते. नंतर स्क्रीनचं रेकॉर्डिंग बघितलं. काका टायपिंगला अडत नव्हते, 'काळ' या रकान्याला अडत होते. तिथे वर्ष टाकल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. रजिस्टरमध्ये एक वर्ष होतं, दिवा देणाऱ्या घराने सांगितलं होतं 'आजीच्या लग्नातला', आणि काकांना स्वतःला तो घडणीवरून आणखी जुना वाटत होता. मी रजिस्टरचं वर्ष टाकून पुढे गेले होते, म्हणून ३ मिनिटं. माझा वेग अज्ञानाचा होता.

इथे निकषच बदलला. अंदाजे काळ लिहिण्याची प्रमाणित पद्धत आहे, आयएसओ ८६०१ च्या २०१९ मधल्या दुसऱ्या भागात 'सुमारे', 'शंकास्पद', 'या दोन वर्षांच्या दरम्यान' असं नोंदवायची सोय दिली आहे. पण त्याहून मोठी गरज होती एकाच रकान्यात दोन-तीन मतं, प्रत्येकासमोर कोणाचं आणि कधी सांगितलेलं, अशी ठेवण्याची. ज्यात ही सोय नव्हती त्यात काकांचं ज्ञान 'शेरा' नावाच्या रकान्यात परिच्छेद म्हणून पडलं असतं. तिथे पडलेलं काही कधी शोधात सापडत नाही.

शेवटी कलेक्टिव्हअॅक्सेस घेतलं, याच कारणाने. त्यात 'काळ, सांगणारा, सांगितल्याची तारीख' असा जोडरकाना बांधता आला आणि हवा तितक्या वेळा भरता आला. रिसोर्सस्पेस फाइलींच्या बाबतीत उजवं ठरलं होतं, आणि तुमच्या संस्थेची गरज प्रसिद्धी विभागाला फोटो पुरवण्याची असेल तर तेच घ्या. आमचा निकाल तुमच्या अर्जात चिकटवू नका.

खरेदीच्या आधीचे चार महिने मात्र आम्ही सॉफ्टवेअरशिवायच काम केलं. प्रत्येक फाइलला न बदलणारा स्वतंत्र क्रमांक दिला (वस्तूचा नंबर नावात घातला नाही, कारण तोच तर चुकत होता), तीन तक्ते केले: वस्तू, फोटो आणि त्यांना जोडणारा. पुढे सगळं आत घ्यायला दोन दिवस लागले. काका निवृत्त होईपर्यंत ११,००० पैकी साधारण ७,२०० फोटोंची ओळख पटली. उरलेल्यांपैकी बरेचसे समारंभांचे आहेत, त्यांची घाई नाही. सहाशेच्या आसपास मात्र वस्तूंचे असून 'ओळख अनिश्चित' म्हणून लावून ठेवलेत. काका आता मंगळवारी येतात, चहा होईपर्यंत वीसेक बघून होतात.

सहा दिव्यांच्या फोटोतला डावीकडून चौथा अजून कोणालाच ओळखता आलेला नाही. रजिस्टरमध्ये तो नाहीच असं काकांचं म्हणणं आहे, आणि ते त्यांच्या नावासमोर, तारखेसह नोंदवलेलं आहे.